बरगड्यांचा बाजार

माझ्या सुनेचा आवाज कसा होता ते काय सांगू बापा! आमच्या कोहिनूर गावच्या शिवारात बांधावर उभी ऱ्हाऊन तिनं "ओ आत्याऽ, भाकरी आणाऽ" अशी हाळी दिली की तीन शेतं पल्याडची माणसं आपापल्या भाकरी सोडून बसायची. त्यांना वाटायचं, दुपार झाली.

मंगल तिचं नाव. माहेर चिंताकीचं, औराद तालुक्यातलं. लगीन होऊन आली तवा म्या मालकाला म्हणलं, "सून बघाया गेलता का भोंगा?" मालक म्हणजे आमचे हे. नाव घेत न्हाई मी, गाव त्यांना लिंगाप्पाअण्णा म्हणतंय. ते नुसते हासले. त्यांना सून पसंत होती.

मी बी काही मुक्या घरची लेक न्हाई. आम्हा दोघींचं भांडण सकाळी चुलीपाशी लागायचं. तिला माझ्या हातचं समदं खारट लागायचं, मला तिच्या हातचं अळणी. त्यावरनं सुरू व्हायचं आन् चिंताकीपतुर जायचं. गल्लीतल्या बायका नळावर घागर भरली तरी ऐकत उभ्या ऱ्हायच्या. एखाद्या दिशी आमच्या घरातनं आवाज आला न्हाई तर शेजारची नागव्वा इचारायला यायची, "अनसाबाई, समदी बरी हायेत ना?"

आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीपरीस मोठा सण. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी पोटरीला आलेली, हरभरा घाट्याला लागलेला. शेतात कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळं गाव शेतात. मंग घरच्या कर्त्यानं आंबिलीचं बिंदगं म्हंजे लहान घागर खांद्यावर घेऊन, डहाळीनं आंबील शिंपत शेताला फेरी मारायची आन् "ओलगेऽ ओलगेऽ" म्हणून हाळी द्यायची. त्या हाळीला कुणीतरी जबाब द्यावा लागतोय. आमच्या घरात तो मान मंगलचा. लग्नाच्या पयल्याच वर्षी तिनं जबाब दिला तर शेजारच्या शेतातले बैल चरायचे थांबले. मालक त्या दिवशी गावभर सांगत फिरले, "माझ्या सुनेनं बैल थांबवले."

असं समदं बरं चाललं होतं, आन् गेल्या साली सोयाबीन खुरपायच्या दिसांत तिला मण्यार चावली.

भुईवर झोपली होती. चावलेलं कळलं बी न्हाई. सकाळी उठली तर पापण्या उघडंनात, जीभ जड. माझा तानाजी, तिचा नवरा, तिला गाडीवर मदी धरून दवाखान्यात घेऊन गेला. तिथं तोंडातनं नळी घालून यंत्रानं श्वास दिला. लई दिवस ती यंत्रावर होती. वाचली. पंढऱ्या कागदासारखी होऊन घरला आली, तरी पयल्या जेवणाला म्हणली, "आत्या, मीठ." म्या म्हणलं, आता काही होत न्हाई हिला.

पण दसऱ्याच्या सुमाराला श्वास घेतला की गळ्यात शिट्टी वाजायला लागली. आधी चालताना, मंग बसल्या जागी. एके दिशी तर ओठ निळे पडले. दवाखान्यात गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून नळी बसवली तवा कुठं जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणले, यंत्राची नळी लई दिवस ऱ्हायली की आतनं कधी कधी वण धरतोय, वण आवळत जातोय आन् श्वासाची वाट बारीक होतीय. कुणाची चूक न्हाई. ती नळी नसती तर पोरगी गेली असती.

ते समदं खरं. पण वारा आता त्या भोकातनंच आत जायचा आन् भोकातनंच बाहेर यायचा. वर गळ्यात जायचाच न्हाई. मंग आवाज कशाचा व्हायचा? ओठ हलायचे, आन् गळ्यापाशी नुसतं फुसफुस.

घर कसं गप झालं म्हणता! मी म्हणायची, "भाकरी करपवलीस," आन् पुढं जबाबच न्हाई. भांडायला बी दोन माणसं लागतेत. मी एकटीच किती बोलू? मीठ जास्त पडलं तरी कुणी सांगंना. मालक आन् तानाजी मुकाट जेवून उठायचे, त्यांची आधीपासून हिंमत न्हाई.

मंगल काम सोडणाऱ्यातली न्हाई. पण राशी-मळणीची धूळ नळीत जायला नको म्हणून तिला खळ्यात उभं करता येईना. ती घरात शिलाई मशीनवर बसायची, गळ्याला ओला फडका बांधून. नळी काढून उकळत्या पाण्यात धुवायची, परत बसवायची, खोकून साफ करायची, समदं आपलं आपण. शेतात आलीच तर बांधावर उभी ऱ्हाऊन ताट वाजवून आम्हाला जेवायला बोलवायची. एकदा पल्याडच्या शेतातनं कुणीतरी वरडलं, "काय लिंगाप्पाअण्णा, शाळा सुटली का?" समदे हासले. त्या दिवसापासनं तिनं ताट वाजवणं बंद केलं. मला त्या माणसाचा असा राग आला की तुरी कापायचं सोडून मी त्याच्या बांधावर गेले आन् त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण मंगलनं ताट परत हातात घेतलं न्हाई.

त्या वर्षीच्या येळवशीला मालकानं बिंदगं खांद्यावर घेतलं, हाळी दिली आन् सवयीनं थांबले. जबाब आलाच न्हाई. शेवटाला तानाजीनं कसाबसा आवाज काढला, तो बी मदीच फाटला. मालकानं निम्म्यातनं फेरी सोडली. मंगल खोपीत तोंड फिरवून बसली होती. मला त्या दिवशी आंबील गोड लागली न्हाई.

मंग कुणीतरी सांगितलं, गुलबर्ग्याला नेत्रावती म्हणून डॉक्टरीण हाय, बारीक झालेला गळा परत मोकळा करतीय. आषाढात मी आन् मंगल बशीनं गेलाव. तानाजी फवारणीला अडकला होता. डॉक्टरीणबाई कन्नडमदी बोलायची. आमच्या घरात कन्नड समद्यांना येतंय, त्यामुळं अडलं काही न्हाई. तिनं गळ्यात दुर्बीण घालून बघितलं आन् मला म्हणली, "बघा अम्मा, वाट इथं आवळलीय. ती चिरायची आन् मदी बरगडीच्या टोकाचं मऊ हाड घडवून बसवायचं. आवळ झालेल्या चोळीला कळी घालतेत का न्हाई, तसं."

मंगलला शिवणकाम येतंय, तिचे डोळे लगीच चमकले. मला बी कळलं. मटण खाताना बरगडीच्या टोकाला जे पंढरं, कुरकुरीत लागतंय ते हाड. चबनी म्हणतेत आमच्याकडं त्याला. म्या म्हणलं, "आवाज येईल का?"

"श्वास नक्की मोकळा होईल असं बघू. आवाज बी येईल, पण पयल्यासारखाच येईल असं मी सांगत न्हाई."

तेवढ्यात मला आठवलं की भाकरीची पिशवी बाहेर बाकड्यावरच ऱ्हायली. मी बघायला गेले. परत आले तर डॉक्टरीणबाई मंगलच्या छातीवर बोट ठेवून काही सांगायली होती. म्या म्हणलं, काळीज तपासायली असंल.

घरला येईपतुर माझ्या डोक्यात एकच. बरगडी कुणाची? आमच्या नागव्वानं भावाला किडनी दिली, ते समद्या गावाला ठावं. मंग बरगडी बी तशीच, घरच्यानं द्यायची. दुसरं काही असंल हे डोक्यात आलंच न्हाई. जिचा गळा फाटका तिचंच हाड कामून कापतेल? लुगड्याला ठिगळ लावायला कुणी त्याच लुगड्याचा पदर फाडतंय व्हय?

पंचमीला मंगलचा भाऊ श्रीशैल तिला भेटायला आला. त्या साली आम्ही वारुळाला हात जोडले, पण जरा लांबूनच. श्रीशैल आयताच आलाय बघून म्या अंगणात समद्या गड्यांना बोलवलं.

"सदरे वर करा," म्या म्हणलं.

"कामून माय?" तानाजी म्हणला.

"बरगड्या बघायच्या हायेत. मंगलच्या गळ्याला लागतेत."

आता आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. आज्यापतुर समदी धनगरवाड्यावर, शेती मागनं आली. मेंढा घ्यायचा तर लोकर बघून घेऊ नये, बरगडीवर हात फिरवून घ्यावा, हे मला बापानं शिकवलेलं. तिघं बी रांगेत उभे ऱ्हायले. पाऊस भुरभुरायला होता. म्या एकेकाच्या बरगडीवर हात फिरवायला सुरुवात केली.

तानाजीला गुदगुल्या. हात लावला की उडी मारायचा. "हुबा ऱ्हा की मुडद्या!" म्या म्हणलं. बरगड्या लागल्या, पण कडब्याच्या ताटासारख्या बारीक. श्रीशैलच्या बरगड्या सापडंनातच, नुसती चरबी. मालकाची चांगली रुंद, पण जून. टोकं दाबून बघितली तर चबनी काही उरलीच न्हाई, समदं हाडच झालेलं.

"तुमची काही कामाची न्हाई," म्या म्हणलं.

मालकाचं तोंड उतरलं. "नीट बघ की. डाव्या बाजूची बघ."

"मावशी, हे कशाला?" श्रीशैल म्हणला. "आमची पोरगी, आमची बरगडी. मी देतो."

"आमची पोरगी?" मालक भडकले. "लग्नात दिली तवा समदी दिली. आता ती आमची. चिंताकीचं हाड आम्हाला नको."

"चिंताकीच्या हाडाला काय झालं, मामा?"

"अरे पण मी नवरा हाय तिचा!" तानाजी मदी पडला. "मला कुणी इचारणार हाय का न्हाई?"

तिघं बी सदरे वर धरून भांडायले. शेवटाला म्या निकाल दिला. बरगडी तानाजीची. नवऱ्याची असली म्हंजे गळ्याला मानवंल. पण बारीक हाय, तर खाऊ घालून जाड करायची. कमी पडलीच तर श्रीशैलची. म्या आपली बी चाचपून बघितली, तर मालक म्हणले, "तुझी नको. आधीच्या आवाजात तुझा मिसळला तर गाव सोडावं लागंल."

मंगल वसरीत मशीनवर बसली होती. मी बघते तर मशीनवर डोकं टेकलेलं, तोंडात पदर, आन् खांदे गदागदा हालायलेले. डोळ्यांतनं पाणी. माझं काळीज तुटलं. म्या जवळ जाऊन पाठीवरनं हात फिरवला. "रडू नको गं बाई. एका बरगडीनं काही होत न्हाई तान्याला." ती आणखीनच गदगदायली.

दुसऱ्या दिसापासनं पाया सुरू. बोकडाचे पाय जाळावर भाजायचे, खरवडायचे, दिवसभर मंद चुलीवर ठेवायचे. श्रावण लागलेला. शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली, नागव्वा तर दारातनंच परत गेली. म्या म्हणलं, देवाला बी सून असंल, त्याला कळंल. डोळ्यांत धूर, हाताला चटके, पण रोज संध्याकाळी तानाजीपुढं वाटीभर रस्सा ठेवायचीच. तो वाटी घेऊन वसरीत जायचा आन् रिकामी करून आणायचा. बरगडी मात्र जाड होईना. मला नवल वाटायचं.

भादव्यात गुलबर्ग्याच्या दवाखान्यातनं बोलावणं आलं. आम्ही समदे गेलाव. तानाजीनं अंघोळ केलेली, न्हाव्याकडनं छाती साफ करून घेतलेली. श्रीशैल औरादहून उपाशीपोटी आलता, वेळ पडली तर म्हणून. वॉर्डात नर्सनं हिरवा झगा आणला. तानाजीनं सदरा काढला, झगा घातला आन् जाऊन खाटेवर पडला. मंगल शेजारी उभी.

नर्स म्हणली, "पेशंट कोण हाय?"

"पेशंट ती. बरगडी माझी," तानाजी म्हणला आन् डोळे झाकून घेतले.

नर्सनं डॉक्टरीणबाईला बोलवून आणलं. बाईनं समदं ऐकून घेतलं. आधी ओठ दाबून धरले, मंग काही जमेना, खुर्चीवर बसून हासायली. "अम्मा, दुसऱ्याचं हाड तिचं अंग धरणार न्हाई. तिचीच बरगडी घ्यायची. तिचंच तिला मानवतंय."

वॉर्डातल्या समद्या खाटा हासायल्या. तानाजी साफ केलेली छाती दोन्ही हातांनी झाकून उठला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हयनाभर पाया शिजवला तो कुणाला, आन् बरगडी कुणाची! "अगं बाई," म्या म्हणलं, "हिला तर म्या घरातलं साधंच खाऊ घातलं की!"

डॉक्टरीणबाईनं कागद बघितले. "वजन तर चांगलं वाढलंय हिचं. मागच्या बारीला लई अशक्त होती."

तानाजी मान खाली घालून म्हणला, "माय, मला पायाचा वास सोसत न्हाई. रोज वाटी हीच प्यायची."

मंगल माझ्याकडं बघंना. चादरीची घडी करत बसली.

तिला आत नेलं तवा मात्र कुणाच्या तोंडावर हासू न्हवतं. दारापाशी तिनं माझा हात धरला. म्या म्हणलं, "जा. परत आलीस की भांडू." दार लागलं. मालक पायरीवर बसले ते तंबाखूची पुडी हातात नुसती फिरवत ऱ्हायले. मला लई भ्या वाटलं. श्वासाच्याच वाटेला चिरायलेत, आन् श्वास थांबला तर? असं कुणापाशी बोलायचं न्हवतं, म्हणून श्रीशैललाच उगं बोलले, "काही खा की, उपाशी कामून बसलास?" त्यानं केळं खाल्लं आन् रडला.

उन्हं कलली तवा डॉक्टरीणबाई बाहेर आली. "झालं. चांगलं झालं." तिनं बोटावर माप दाखवलं. तुरीच्या शेंगेएवढा तुकडा, दोन्ही टोकं निमुळती, घडवून गळ्यात शिवलेला. एवढ्याशा चबनीसाठी आम्ही तीन गडी उघडे केले होते.

पुढचे दिस जड गेले. गळ्यापरीस बरगडीच जास्त दुखायची. खोकला आला की उशी छातीला धरून खोकायची. आतली शिवण बसेपतुर गळ्यात दुसरी नळी ठेवलेली, तीच घेऊन घरला आली. सोयाबीन निघालं, तुरी फुलल्या, शेंगा भरल्या. आता पाया तिच्यासाठी शिजायचा, आन् ती माझ्याकडं बघत बघत प्यायची.

मार्गशीर्ष लागला तवा गुलबर्ग्याला जाऊन नळी काढली. भोक आपोआप मिटत आलं. नाकातनं श्वास घेतला, शिट्टी न्हाई, घरघर न्हाई. शेतातल्या वाऱ्यासारखा मोकळा. ती नुसती श्वासच घेत बसली, आन् मी बघत बसले.

डॉक्टरीणबाई म्हणली, "आता बोल बघू." आम्ही समदे पुढं वाकलाव. तानाजीला वाटलं, आपलं नाव घेईल. मला वाटलं, माझं. मंगलनं तोंड उघडलं तर नुसता वारा आला. दुसऱ्या बारीला काहीतरी खरवडल्यागत झालं आन् बंद पडलं.

"येईल," डॉक्टरीणबाई म्हणली. "घाई करू नका. वरडायचं मात्र न्हाई."

घरला आलाव. एक दिस गेला, आठवडा गेला. मंगल बोलंना. मान हालवायची, हासायची, झालं. बोलता येत न्हाई का बोलत न्हाई, काही कळंना. मला चैन पडंना. मालक येळवशीचं बिंदगं घासून ठेवायले आन् रोज मला डोळ्यानं इचारायचे. म्या ठरवलं, हिला चिडवायचं. चिंताकीला शिव्या घातल्या. तिनं शिवलेला झंपर उलटा हाय म्हणलं. भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. आता तरी तोंड उघडंल! मालक पाण्याचे तांब्यावर तांबे प्यायले. मंगलनं भाकरी दुमडली, भाजी खाल्ली आन् गपगुमान भांडी घासायला गेली. त्या दिवशी मला खरंच वाटलं की आवाज काही परत येत न्हाई.

येळवस आली. खोप उभी केली, पांडव मांडले. श्रीशैल बायकोला घेऊन आलता, नागव्वा बी आलती. जेवणं झाली. मालक बिंदगं खांद्यावर घेऊन एकटेच फेरीला निघाले, कुणाला काही म्हणले न्हाईत. ते तुरीच्या ओळीत शिरले. मला ते बघवंना, म्हणून म्या मोठमोठ्यानं नागव्वाला बरगड्यांची गोष्ट सांगायला घेतली. कुणाची कशी लागली, तान्या कसा उडाला, समदं. बायका हासून लोळायल्या.

"आन् ही बिचारी," म्या म्हणलं, "नवऱ्याची बरगडी जाणार म्हणून मशीनवर डोकं ठेवून रडायली, रडायली..."

"रडत न्हवते."

मला वाटलं, खोपीमागनं कुणी म्हातारा बोलला. मागं वळले तर मंगल. हातात उंडा.

"रडत न्हवते मी. हासायले होते."

आवाज घोगरा, जाड, मदी मदी तुटायचा. तानाजीच्या हातातली वाटी कलंडली. ती एकेक शब्दाला थांबून थांबून बोलायली. "मला पयल्याच दिशी ठावं होतं. माझीच बरगडी. डॉक्टरीणबाईनं बोट ठेवून सांगितलं. तुम्ही पिशवी बघाया गेलत्या."

"भवाने!" मी उठूनच उभी ऱ्हायले. "म्हयनाभर म्या धुरात डोळे फोडले! श्रावण मोडला! तान्यानं छाती साफ केली! आन् तू सांगितलं न्हाईस?"

"कशानं सांगू? मुकी होते की."

"फोनवर लिहून दाखवायचं! तान्याला वाचता येतंय!"

"लिहिलं होतं." तिनं दम घेतला. "दाखवणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणलात, सदरे वर करा. आन् तिघं बी उभे ऱ्हायले. पावसात. मामा बी. कुणी इचारलं बी न्हाई, दुखतंय का म्हणून." ती हातातल्या उंड्याकडं बघत म्हणली. "मला लई भ्या वाटायचं आत्या, कापायचं म्हणून. ते बघितलं आन् भ्या गेलं. मंग लिहिलेलं पुसून टाकलं."

मला रडू आलं. खोटं कामून सांगू, चांगलं हुंदका देऊन आलं. पण सासू हाय मी. पदरानं नाक पुसून म्या म्हणलं, "आन् आता इतके दिस कामून गप बसलीस?"

"असला आवाज. म्हाताऱ्या बोकडासारखा. लाज वाटायची."

"बोकडासारखा तर बोकडासारखा! घरात आवाज तर हाय!"

"आन् दुसरं, भाजीत इतकं मीठ पडायलं होतं. तोंड उघडलं असतं तर भांडणच लागलं असतं. वरडू नको म्हणलंय मला." तिनं उंडा मोडला. "आजची भज्जी बी खारट हाय."

"माझी भज्जी? साऱ्या शिवारात..."

तेवढ्यात तुरीतनं हाळी आली. "ओलगेऽ ओलगेऽ..." मालक लांब गेलते, त्यांना यातलं काही ऐकू गेलं न्हवतं. हाळी देऊन ते थांबले न्हाईत, तसेच पुढं चालायले. तानाजी जबाब द्यायला उठला. म्या त्याचा हात धरून खाली बसवला.

मंगल खोपीतनं बाहेर गेली. बांधावर उभी ऱ्हायली. गळ्यावरच्या खळीवर हात ठेवला.

"हळू गं," म्या म्हणलं. "डॉक्टरीणबाईनं..."

तिनं जबाब दिला. लहानसाच. घोगरा. तीन शेतं काय, शेजारच्या बांधापतुर बी गेला नसंल. पण तुरीच्या ओळीपतुर गेला. मालक जागच्या जागी थांबले. वळले न्हाईत. बिंदगं कलतं झालं, आंबील पायावर सांडायली, सांडायली, तरी त्यांना कळंना. मंग त्यांनी परत हाळी दिली, पण बारीक, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी. तिला वरडावं लागू नये म्हणून.

मंगल पदर खोचून त्यांच्या मागं गेली. दोघं बी तुरीतनं हळूहळू चालायले. ते हळू हाळी द्यायचे, ती हळू जबाब द्यायची. शेताला फेरी पुरी व्हायला दिवस मावळायला आला.

मी खोपीत बसून भज्जीत बोट बुडवून चाखलं. खारटच होती. पण हे तिला काही मी सांगणार न्हाई.